तेरा चोक बावन्न

माझ्या नाकावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. लोकांना वाटतं, या रागापायीच ही मारामारीच्या धंद्यात गेली. साफ खोटं. पिंजऱ्यात जो रागावतो तो पहिल्याच राउंडमध्ये धापा टाकायला लागतो आणि उरलेला वेळ मार खातो. तिथे मी गार असते. राग मी घरी वापरते, आणि त्यातला सगळ्यात जास्त आईच्या वाट्याला गेला आहे.

भोपाळच्या मोठ्या कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. भोंगा वाजला की गल्लीभर सायकली आणि स्कूटरी. बाबा मशीन शॉपमध्ये होते. नागपूरहून नोकरीला आले आणि वसाहतीचेच होऊन गेले. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, पण उंबऱ्याच्या आत मराठीच, हा आईचा कायदा. दिवेलागणीला पाढे म्हणायचे तेही मराठीत. दिवसभर ‘दो दूनी चार’ करून आलेली मी घरी ‘बे दुणे चार’ करत बसायची आणि तेराच्या पाढ्याशी हमखास अडायची. अडले की पाटी फेकायची. पेरूच्या आळ्यात माझ्या फुटक्या पाट्यांचे तुकडे कितीतरी वर्षं सापडत होते. आई ते उचलून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नवी पाटी आणायची. एक शब्द बोलायची नाही. त्याचाही मला राग यायचा.

ज्युदो बाबांनीच लावला. वसाहतीच्या क्लबात फुकट शिकवायचे, आणि बाबांच्या डोक्यात एक सरळ हिशेब होता: ज्युदो, मग राज्याची पदकं, मग खेळाच्या कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी. पदकं थोडी मिळाली, नोकरी मिळाली नाही. मग एक दिवस क्लबातल्या एका मुलीबरोबर मी गोविंदपुऱ्यातल्या एका शेडमध्ये गेले. आजूबाजूला छोटे कारखाने, एका बाजूला ओतकाम, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या पेट्या बनवणारे, आणि मधल्या शेडमध्ये मॅट टाकून काही पोरं एकमेकांना बडवत होती. ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युदो, सगळं एकत्र चालणारा खेळ. खेळायचा तो लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. मी पहिल्याच दिवशी नाक फोडून घेऊन घरी आले आणि इतकी खूश होते की ते लपवायचंही सुचलं नाही.

“याला कोटा आहे का?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“पेन्शन?”

“बाबा, यात दात शिल्लक राहिले तरी खूप.”

बाबांनी पेपर पुन्हा उघडला. आईने बर्फ आणून दिला. झालं.

त्यानंतरची काही वर्षं कशी गेली ते सांगायचं तर नुसतं दुखणंच सांगावं लागेल. कान सुजून कडक झाला, तो आजही तसाच आहे. मी केस त्यावरून घेते. बोटं सकाळी वळायची नाहीत. वसाहतीतल्या मराठी मंडळात कोणी काकू माझ्या दंडावरचे हिरवे-निळे डाग बघून आईला बाजूला घेऊन विचारायची, “घरात सगळं ठीक आहे ना?” स्थळं यायची ती फोटो बघून यायची आणि मला बघून जायची. आणि तरी सांगते, समोरच्याचा तोल नेमका कोणत्या क्षणी सुटतो ते पाठीला कळायला लागतं ना, त्याच्यासारखं सुख नाही. त्यासाठीच मी जात होते. दुसरं काही कारण मला तेव्हाही देता यायचं नाही.

पण एवढ्यावर व्यावसायिक होता येत नाही. त्यासाठी खरी लढत लागते, आणि माझ्या वजनाच्या मुली मिळायच्याच नाहीत. एकदा समोरचीचा गुडघा गेला, एकदा आयोजकच गायब झाला. शेवटी सरांनी, म्हणजे शेड चालवणाऱ्या आमच्या प्रशिक्षकांनी, एक लढत जुळवली. हरियाणाकडची मुलगी. आमच्याच शहरात, रायसेन रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. ऐन थंडीतला खरमास, त्या दिवसांत इकडे कुणी लग्न लावत नाही, म्हणून ते लॉन मोकळं होतं. जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथे पिंजरा लागणार होता.

अट एकच. आदल्या दिवशी सकाळी वजन करायचं आणि काटा बावन्न किलोच्या वर जाता कामा नये. गेला, तर समोरचे नकार देऊ शकतात. आणि ते देणार, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण त्या मुलीचे प्रशिक्षक नियमाचे फार पक्के.

मी घरी सांगितलं. बाबांनी या वेळी पेपर खाली ठेवला.

“हे बघ,” ते म्हणाले, “एक लढत. ती झाली, तर पुढे तू म्हणशील तसं. मी मध्ये बोलणार नाही. पण याही वेळी काही कारणाने झाली नाही, तर विषय संपला. कारखान्यात अप्रेंटिसची परीक्षा द्यायची आणि पुन्हा त्या शेडचं नाव काढायचं नाही.”

“कबूल,” मी म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती, आणि याचं मला तेव्हा काही वाटलंही नाही.

वजन उतरवणं म्हणजे शेवटच्या दिवसांत अंगातलं पाणी काढणं. आधी भात-पोळी बंद, मग मीठ पूर्ण बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. मग पाणीसुद्धा मोजून. सरांनी आईला समोर बसवून हे समजावून सांगितलं. “आंटी, नमक बिल्कुल नहीं. एक चुटकी भी नहीं.” आईने पदर खोचला आणि म्हणाली, “मेरेको उपास मत सिखाओ, भाईसाब.” सर हसले. मीही हसले. उपासांच्या बाबतीत आई खरोखरच पट्टीची होती. चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार, शिवाय घरात कुणाला बरं नसलं की आणखी एखादा. आणि अळणी रांधण्याची सवयही तिला होतीच. बाबांना रक्तदाब निघाल्यापासून त्यांच्या ताटात वर मधोमध जिथे मीठ वाढतात ती जागा रिकामी असायची. चतुर्थीलासुद्धा त्यांची वरी वेगळ्या भांड्यात शिजायची. इतकी ती काटेकोर. तेव्हा माझं जेवण तिच्या हातात सोपवून मी निर्धास्त झाले.

त्यात नेमका धुंधुरमास. म्हणजे ज्या महिन्यात आपल्याकडे उजाडायच्या आत उठून खायचं, त्या महिन्यात मी उपाशी. मंडळाच्या हॉलमध्ये पहाटेच्या जेवणाला आई मला दरवर्षीच्या सवयीने घेऊन गेली. बाजरीच्या भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत. मी भिंतीला टेकून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. एका काकूंनी माझं रिकामं ताट बघून डोळे मिचकावले.

“वजन उतरवतेस? लग्न ठरलं की काय गं?”

“लग्न नाही काकू. मारामारी ठरलीय.”

त्या हसल्या. मी हसले नाही. भुकेने माझ्यातलं हसू आधी गेलं होतं.

रोज शेडवर गेले की शेजारच्या ओतकामवाल्यांच्या काट्यावर वजन करायचं. जमिनीत बसवलेला मोठा काटा होता, लोखंडी भाग तोलायचा. त्याच्यावर मी एखाद्या बेअरिंगसारखी उभी राहायची. पहिले काही दिवस आकडा छान खाली येत होता. सर मान हलवायचे. मग मीठ बंद झालं, आणि जिथे आकडा धडाधड उतरायला हवा होता तिथेच तो अडला. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी थोडा वरच.

मी त्या दिवशी स्वेटरवर स्वेटर चढवून, त्यावर बाबांचा रेनकोट घालून आनंद नगरपर्यंत पळत गेले आणि पळत आले. थंडीत घाम यायलाही तयार नव्हता. घरी आले तर आईने दुधी उकडून ठेवला होता आणि काकडीची कोशिंबीर. मी बकाबका खाल्लं. चव लागत होती. मला वाटलं, इतक्या उपासाने जीभच वेडी झाली आहे, आता कागद दिला तरी गोड लागेल.

वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा दोनदा वाचला. अजून जवळजवळ दोन किलो जास्त होतं.

“अचार खा रही है?”

“नहीं सर.”

“समोसा?”

“सर, नहीं.”

“झूठ मत बोल. शरीर झूठ नहीं बोलता.”

सगळी पोरं बघत होती. मी हातातली पाण्याची बाटली भिंतीवर फेकून मारली. मी जे केलं नव्हतं त्याचा आळ आला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. “कसम से नहीं खाया,” मी ओरडले आणि मग तिथेच रडायला लागले, ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. सरांनी बाटली उचलून माझ्या हातात दिली. मग हळू आवाजात म्हणाले, “घर जा. देख, घर में क्या पक रहा है.”

मी घरी आले तेव्हा बाबा नुकतेच ड्यूटीवरून येऊन बूट काढत होते. आई माझ्यासाठी मुगाचं पाणी करत होती. मी दारातच उभी राहिले. तिने पातेल्यातलं पाणी ढवळलं, वरच्या फळीवरची पांढरी चिनी मातीची बरणी काढली, बोटांच्या चिमटीत काहीतरी घेतलं आणि पातेल्यात टाकलं.

“आई, ते काय?”

तिने मागे वळून पाहिलं. “सैंधव.”

“मीठ?”

“मीठ कुठे? सैंधव. उपासाचं.”

“आई, ते मीठच असतं!”

“असं कसं? एकादशीला चालतं.” तिने बरणीचं झाकण लावलं. “देवाला चालतं आणि तुझ्या सराला चालत नाही?”

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. माझं डोकं फिरलं होतं. तू माझा घात केलास म्हणाले. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात घातलंस म्हणाले. मुद्दाम केलंस, असंही म्हणाले. बाबा मधे पडले. “अगं, तिला काय माहीत. बायकांना उपासाचं मीठ म्हणजे मीठ वाटतच नाही. तिचं कुठे चुकलं?” आणि अशा वेळीसुद्धा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते मला दिसलं. आईने मुगाचं पाणी मोरीत ओतून दिलं आणि पातेलं घासायला घेतलं. फुटक्या पाट्या उचलताना दिसायचा तसाच तिचा चेहरा होता.

मी सरांना फोन केला. ते इतक्या जोरात हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग एकदम गंभीर झाले आणि काय करायचं ते सांगितलं. गरम पाणी, वाफ, घाम. कुणीतरी सतत जवळ पाहिजे. बेशुद्ध पडली तर लगेच बाहेर काढायचं, लढत गेली खड्ड्यात. “और बाप को बोल, दरवाज़े पर बैठे.”

आता मी मुलींना शिकवते. माझ्याकडच्या कुठल्याही मुलीला मी हे करू देत नाही. वजन उतरत नसेल तर वरच्या गटात खेळ, हरलीस तरी चालेल. पण तेव्हा मला दुसरा रस्ता दिसत नव्हता आणि सरांनाही ठाऊक नव्हता.

क्वार्टरची मोरी केवढीशी. पाण्यात रॉड टाकून एक बादली, गॅसवरच्या पातेल्यांतून दुसरी, अशा उकळत्या बादल्या बाबा आत आणून ठेवत होते. मी रेनकोट घालून, वर घोंगडी घेऊन मधोमध पाटावर बसले. दाराच्या फटीला चादर लावली. वाफेने समोरची भिंत दिसेना. थोड्या वेळाने घाम सुटला, आणि मग तो थांबेना. कानात भोंगा वाजतो आहे असं वाटायला लागलं.

बाहेर स्टुलावर बाबा बसले होते. “बोलत राहा,” ते म्हणाले. “मला आवाज आला पाहिजे.”

“काय बोलू?” जीभ टाळूला चिकटली होती.

बाबांनाही सुचेना. मग म्हणाले, “पाढे म्हण.”

मी बेपासून सुरुवात केली. एवढी मोठी घोडी, पिंजऱ्यात लढायला निघालेली, आणि मोरीत बसून पाढे म्हणते आहे. मधे बाबा बादली बदलायला उठायचे तेव्हा म्हणायचे, “थांबू नकोस, ऐकतोय मी.” पाचाचा झाला, सहाचा झाला. दहाचा म्हणताना जरा दम मिळाला. अकरा, बारा. शब्द आता तोंडातून आपोआप येत होते आणि मी कुठेतरी लांब चालले होते.

“तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक…”

पुढे यायचं होतं बावन्न. तो आकडा सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यात होता, झोपेत होता, आणि त्याच क्षणी मला तो आठवेना. काय वाट्टेल ते केलं तरी आठवेना. मी गप्प झाले.

“काय झालं?” बाबांचा आवाज. “ए. बोल.” मग दारावर थाप. “बोल गं.”

मला बोलायचं होतं पण आवाज फुटत नव्हता. बाहेर स्टूल पडल्याचा आवाज झाला. बाबांनी दाराला हात घातला, ते मला कळलं. आणि मग मी श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न.” आणि रडायला आलं. डोळ्यांत पाणी उरलेलं नव्हतं, तरी आलं.

“बस,” बाबा म्हणाले. “बस झालं. बाहेर ये. नाही उतरलं तर नाही उतरलं. मरायचंय का?”

मला माहीत होतं, मी आता बाहेर गेले की संपलं. आणि माझ्यात भांडायची ताकद नव्हती. दार ढकलायचीसुद्धा नव्हती.

तेव्हा आईचा आवाज आला. ती इतका वेळ तिथे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

“अजून एक बादली,” ती म्हणाली.

“अगं, वेड लागलं का तुला?”

“तुम्ही सरका.”

दार उघडलं. आई आत आली, दोन्ही हातांनी कडी धरून बादली घेऊन. तिने ती माझ्या पायांशी ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला, ओल्या फडक्याने माझे ओठ पुसले आणि दार ओढून घेतलं. मग बाहेरून तीच म्हणाली, “म्हण पुढे. तेरा पंचे?”

“पासष्ट,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅरेज गार्डनच्या हॉलमध्ये वजन होतं. मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून गेले, आणि गतिरोधक आला की मला वाटायचं, माझी हाडं एकमेकांवर वाजताहेत. आई रिक्षाने मागून आली. हरियाणाची मुलगी आमच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसली होती. तिचेही ओठ फुटलेले होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी मान वळवली.

तिचं वजन बरोबर भरलं. मग मी. पहिल्यांदा उभी राहिले तर काटा किंचित जास्त दाखवत होता. किंचितच, कपड्यांएवढा. तिच्या प्रशिक्षकांनी हाताची घडी घातली. आयोजकांच्या बाईंनी सांगितलं, चादर धरा. एका बाजूने त्या आणि दुसऱ्या बाजूने आई, अशी दोघींनी माझ्यासमोर चादर धरली आणि तिच्या आड मी अंगावरचं सगळं उतरवून पुन्हा काट्यावर चढले. थंडगार पत्रा. मी श्वास सोडला आणि घेतलाच नाही.

“बावन्न,” चादरीवरून डोकावून त्या बाई म्हणाल्या. “ओके है.”

सर कुठेतरी मागे ओरडले. मी कपडे घातले. कपडे घालून झाले, ओआरएसची बाटली हातात आली, तरी आई चादर तशीच धरून उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, बिचारी, केवढं ओझं उतरलं हिच्या डोक्यावरचं. मी तिच्या हातातली चादर काढून घेतली आणि काल बोलले त्याबद्दल काहीतरी पुटपुटले. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशीची लढत मी जिंकले. लोक तेच आधी विचारतात, म्हणून सांगते. पहिल्या राउंडमध्ये तिने माझी भुवई फोडली आणि रक्त डोळ्यांत गेल्यावर मला ती दोन-दोन दिसायला लागली. दुसऱ्या राउंडमध्ये मी तिला कमरेवरून उचलून टाकलं, क्लबात शिकले होते तसंच, आणि मग वर बसून राहिले. तिसरा नुसता रेटारेटीत गेला. गुणांवर माझा हात वर झाला. वर लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळा, खाली सॅटिनच्या गवसण्या घातलेल्या खुर्च्या, आणि शेवटच्या रांगेत बाबा स्वेटरची गुंडी लावत-काढत बसलेले. आई आत आलीच नाही. ती फाटकाबाहेर स्कूटरजवळ उभी होती. डॉक्टरांनी टाके घातल्यावर मी बाहेर आले, तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला, टाके नीट पाहिले आणि म्हणाली, “चल घरी.”

बाबांनी शब्द पाळला. पुन्हा कधी मध्ये बोलले नाहीत. उलट ती सैंधवाची गोष्ट त्यांना इतकी आवडली की घरी कोण आलं की ती निघायचीच. “देवाला चालतं आणि तुझ्या सराला चालत नाही?” हे ते आईच्या आवाजात म्हणायचे आणि पाहुणे लोटपोट व्हायचे. आई चहा ठेवायला आत जायची. पुढे मी बऱ्याच लढती खेळले. काही जिंकले, काही हरले. एकदा जबडा हलला, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यावसायिक होणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं: पिंजऱ्यातला वेळ थोडा आणि बाकी सगळं बरं होण्यात जातं.

बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. बाग सेवनियाला घर घेऊन ठेवलं होतं. सामान हलवायच्या दिवशीही बाबांनी शेजाऱ्यांना ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, निरोपाची म्हणून. मग ते टेम्पोला रस्ता दाखवायला पुढे गेले. मी स्वयंपाकघरात फरशीवर गुडघा लांब करून बसले होते. आई वरच्या फळीवरच्या बरण्या काढून एकेक कागदात गुंडाळत होती. पांढरी बरणी हातात आल्यावर ती थांबली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“सैंधव म्हणजे मीठच, हे.” ती बरणीकडेच बघत होती. “तुझ्या बाबांची वरी मी चतुर्थीलासुद्धा वेगळी, सैंधव न घालता शिजवायची, ती कशासाठी? मला नाही कळणार?”

ती वरी मी आयुष्यभर बघत आले होते.

“म्हणजे तू मुद्दाम…”

“मुद्दाम.” तिने पदराने बरणीवरची धूळ पुसली. “तू हरलेली मला चालली असती. कुणी तुला मारलेलं बघवलं नसतं. तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत, मला कुणी विचारलं नाही. मला वाटलं, काटाच नाही म्हणू दे. म्हणजे कुणाला वाईटपणा नको. तू चार दिवस रडशील आणि मग परीक्षेला बसशील.”

मला राग आला. खूप आला. इतका की कानशिलं तापली. सगळ्यांनी हसून घेतलं होतं तिला, इतकी वर्षं, आणि ती आत जाऊन चहा करत राहिली होती. तिने बावळट ठरणं पत्करलं होतं. मला त्याचंही वाईट वाटत होतं आणि त्या रिकाम्या खोलीत त्या दोन्हींना मला एकदम जागा करता येत नव्हती.

“मग ती बादली?” मी शेवटी विचारलं. “बाबा बस म्हणत होते. तू म्हणाली असतीस तर संपलंच होतं.”

आईने बरणीचं झाकण घट्ट केलं.

“लहानपणी तू तेराला अडलीस की पाटी फेकायचीस,” ती म्हणाली. “त्या दिवशी अडलीस, मी बाहेर कान लावून होते. म्हटलं, आता काहीतरी फेकेल आणि बाहेर येईल. तर तू परत पहिल्यापासून सुरू केलंस. मग मला वाटलं, आता हिला अडवणारी मी कोण.”

मी खाली बघितलं.

“पण खोटं कशाला बोलू,” आई म्हणाली. “ती बादली उचलून आणताना मी मनात एकच म्हणत होते. देवा, तरीसुद्धा नको उतरू दे.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आईने बरणी कागदात गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि माझ्याकडे दिली.

“नीट धर,” ती म्हणाली. “फेकू नकोस.”

मी ती दोन्ही हातांनी धरली आणि बाग सेवनियापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.